क्यूसी मामांचा पिवळा टॅग

सुंठ विकत घेताना व्हर्नियर कॅलिपर लावणारा माणूस मी आजवर एकच पाहिला आहे. चेन्नईत मैलापूरच्या देशी औषधांच्या दुकानात, ऐन गर्दीत, आमचे क्यूसी मामा शर्टाच्या खिशातून ते पोलादी माप काढतात, सुंठेचा एकेक तुकडा त्याच्या जबड्यात धरतात, चष्मा कपाळावर चढवून आकडा वाचतात आणि दुकानदाराला तमिळमध्ये निकाल सांगतात. अठरा मिलिमीटरच्या खालचा तुकडा नापास. दुकानदार पहिल्या वर्षी हसला, दुसऱ्या वर्षी भांडला, आणि आता मामा दिसले की आपणहून जाडे तुकडे वेगळे काढून ठेवतो. केशराला भिंग, बडीशेपेला चाळणी आणि शतावरीला नाक, अशी बाकीची तपासणी असते. नाकालाही कॅलिब्रेशन लागतं म्हणून मामा दुकानात शिरण्याआधी दाराबाहेर उभे राहून तीनदा खोल श्वास घेतात.

एवढा खटाटोप सत्तरीतल्या एकट्या गृहस्थाने कुणासाठी करावा? तर आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांसाठी. पाळी यायच्या आधीचे ते चार-सहा दिवस असतात ना, डोळ्यांत विनाकारण पाणी, डोक्यात राख आणि छातीत धडधड अशी तिन्ही मंडळी एकदम मुक्कामाला येतात तेव्हाचे, त्या दिवसांसाठी मामा काढा करतात. मामा त्याला कषायम् म्हणतात. या विषयावर बोलताना ते लाजत नाहीत, आवाज खाली आणत नाहीत आणि चावटपणाही करत नाहीत. गिअरबॉक्सबद्दल बोलावं तसं बोलतात. माझी सासू सांगलीहून पहिल्यांदा आली तेव्हा मामांनी जिन्यात तिला शतावरीचे गुण सांगायला सुरुवात केली, आणि ती बिचारी पुढचे आठ दिवस लिफ्टनेच खाली गेली.

मामांचा काढा आमच्या तिन्ही मजल्यांवर जातो. फक्त एका बाईने तो कधी घेतला नाही, आणि तिने तो घ्यावा एवढ्यासाठीच हा सगळा कारखाना चालू होता. ती बाई म्हणजे मामांची एकुलती एक मुलगी, पद्मा. पण तिच्याकडे मी नंतर येते.

मामांचं खरं नाव टी. सेतुराव. घराणं तंजावरचं. भोसल्यांच्या राज्याबरोबर पूर्वज इकडे आले ते इथलेच झाले. त्यांची मराठी ऐकली की बखरीतला एखादा कारकून तमिळ चालीवर बोलतोय असं वाटतं. सगळं म्हणजे 'अस्के', चांगलं म्हणजे 'बेस', आणि कशाला किंवा का म्हणायचं असलं की 'काहाला?' आम्ही वेलचेरीत राहायला आलो तेव्हा चेन्नईत मराठी शेजारी मिळाला म्हणून मला भरून आलं होतं. पहिल्या दोन वाक्यांनंतर लक्षात आलं की मला याच्याशी बोलायला दुभाषा लागणार आहे. आता मात्र मीच आईला फोनवर 'अस्के बेस अहे' म्हणते.

अख्खी नोकरी त्यांनी इरुंगाट्टुकोट्टैच्या एका मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात केली, क्वालिटी कंट्रोलमध्ये. म्हणून क्यूसी मामा. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण तपासणी थांबलेली नाही. ते तळमजल्यावर राहतात, आणि वेलचेरीत तळमजला म्हणजे पावसाळ्यात पाण्याशी घरोबा. मागे पाणी शिरलं होतं त्याची रेघ मामांनी भिंतीवर आखून ठेवली आहे, शेजारी उंची लिहिली आहे आणि त्यापुढे 'अधिक-उणे पाच मिलिमीटर' अशी टीपही आहे. मी विचारलं, एवढ्या पुरात पाच मिलिमीटरने काय फरक पडतो? मामा दुखावले. म्हणाले, "पाणी हलत होते. उगीच खोटे आकडे कसे लिहूं?"

त्यांचं सगळ्यात धोक्याचं हत्यार मात्र व्हर्नियर नव्हे, ते 'काहाला?' आहे. कारखान्यात बिघाड झाला की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं, अशी त्यांची पद्धत. एकदा गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि सोसायटीच्या सभेत मामा उभे राहिले. टाकी वाहिली, काहाला? मोटर बंद केली नाही. काहाला? वॉचमन खाली नव्हता. काहाला? तो सेक्रेटरींच्या घरी सिलिंडर चढवत होता. जिन्याने वेळ लागला, काहाला? लिफ्ट बंद होती. लिफ्ट बंद राहिली, काहाला? सेक्रेटरींनी तक्रारच नोंदवली नव्हती. सेक्रेटरींनी त्यानंतर मामांशी महिनाभर अबोला धरला. मामांच्या ते लक्षातही आलं नाही.

माझी आणि त्यांची खरी गाठ पडली ती जिन्यात. मी पायरीवर बसून रडत होते. कारण विचाराल तर कुकरची तिसरी शिट्टी होत नव्हती. दोन झाल्या, तिसरी काही केल्या होईना, आणि मला एकदम वाटलं की माझं आयुष्यात काहीच धड होत नाही. गिंडीला ज्या कंपनीत मी डिझाइनचं काम करते तिथे आज मला काढून टाकणार, माझा नवरा अमोल मला कंटाळला आहे, आणि हे सगळं आता कायमचंच. बरं, हे दर महिन्याला व्हायचं. दर महिन्याला मला ते नवीन आणि खरं वाटायचं. अमोलने एकदा हिशेबाने सुचवून पाहिलं होतं की तुझी तारीख जवळ आली असेल, तेव्हा मी त्याच्यावर उलथनं उगारलं होतं.

मामा दुधाची पिशवी घेऊन बाहेरून येत होते. थांबले. काय झालं, कोण बोललं, काहीही विचारलं नाही. खिशातून एक पिवळं पुठ्ठ्याचं कार्ड काढलं, वर भोक, भोकात सुतळी. त्यावर मोठ्या अक्षरांत 'होल्ड' असं छापलेलं.

"हे दाराचे कडीला अडकव," म्हणाले. "बरे वाटले की काढ."

"हे काय आहे मामा?"

"कारखान्यात माल बेस असला तर हिरवा टॅग. शंका असली तर पिवळा, होल्ड. म्हणजे कोणी हात लावायचे नाही, निकाल द्यायचे नाही, थांबायचे."

"मी काय गिअरबॉक्स आहे का?" मी रडता रडता भडकले.

"गिअरबॉक्साला रडता येत नाही," मामा शांतपणे म्हणाले. "म्हणून त्याचे सोप्पे."

तेवढ्यात वर तिसरी शिट्टी झाली आणि मी आणखीनच रडले. पण टॅग अडकवला. संध्याकाळी दाराबाहेर स्टीलचा फ्लास्क होता. त्याच्या गळ्यात चिठ्ठी होती, त्यावर बॅच नंबर, तारीख, घटक: सुंठ, धणे, बडीशेप, शतावरी, केशराच्या चार काड्या, ताडाचा गूळ. खाली तीन प्रश्न. डॉक्टरांची कसली गोळी चालू आहे? पोटात बाळ आहे? कशाची ॲलर्जी? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तरच प्यायचं. शंका असेल तर फ्लास्क तसाच परत. मी 'नाही, नाही, नाही' लिहिलं आणि प्यायले. चव सांगायची तर धण्याच्या पोत्यात तोंड घालून गूळ खाल्ल्यासारखी, पण गरम गरम घशाखाली उतरली तेव्हा बरी वाटली.

आता तुम्ही विचाराल, गुण आला का? मी याबाबतीत खोटं बोलणार नाही. मी माझ्या डॉक्टरीणबाईंना फ्लास्कवरची चिठ्ठीच नेऊन दाखवली. त्या हसल्या, म्हणाल्या, एवढ्याने बिघडणार काही नाही, काही जणींना अशाने बरं वाटतं, पण ठाम पुरावा म्हणाल तर फारसा नाही. तारखांची नोंद ठेवा, झोप घ्या, चाला, आणि काम थांबेल इतका त्रास झाला तर काढ्यावर विसंबू नका, माझ्याकडे या. मला मात्र काढ्यापेक्षा त्या टॅगचा गुण जास्त आला. कारण दाराला पिवळा टॅग दिसला की अमोल घरात शिरतानाच शहाणा व्हायचा. जेवायला काय आहे हे विचारायचा नाही. माझ्या भावाचा विषय काढायचा नाही. मुकाट्याने डोशाचं पीठ काढून दोन वेडेवाकडे डोसे घालायचा आणि एक माझ्यापुढे सरकवायचा. आणि मला स्वतःलाही टॅग दिसायचा. नोकरी सोडण्याची मेल लिहून तयार असायची, पण कडीला 'होल्ड' लटकलेलं असायचं, मग ती मेल दोन दिवस तशीच ठेवायचे. तिसऱ्या दिवशी वाचली की माझंच मला हसू यायचं.

हळूहळू टॅग बिल्डिंगभर पसरले. तिसऱ्या मजल्यावरच्या लक्ष्मी मामींनी तर पिवळा टॅग सलग वीस दिवस दाराला ठेवला. मामींची पाळी जाऊन दहा वर्षं झाली आहेत. मामा वही घेऊन तपासणीला गेले, तेव्हा मामी टीव्हीपुढे पाय पसरून बसल्या होत्या आणि नवरा आत भाजी चिरत होता. मामांनी परिस्थिती पाहिली, वहीत काहीतरी लिहिलं आणि टॅग न काढताच खाली आले. मी विचारलं, तर म्हणाले, "माल जुना अहे. थोडे जास्ती दिवस होल्ड लागते."

पण सगळ्याच बाबतीत ते असे ढिले नव्हते. पहिल्या मजल्यावरच्या एका मुलीने परदेशी झाडपाल्याच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या होत्या. उदासी जाते असं बाटलीवर लिहिलेलं. मामांनी ते लेबल भिंगाखाली तासभर वाचलं, मग तिला विचारलं की आणखी काय चालू आहे. तिला डॉक्टरांनी आधीच मनाच्या शांतीसाठी एक गोळी दिलेली होती. मामांनी बाटली काढून घेतली नाही. तिच्यासमोर फक्त पिवळा टॅग बांधला आणि तिला म्हणाले की एका मशीनवर दोन ऑपरेटर नको, आधी डॉक्टरला विचार. ती विचारायला गेली. डॉक्टरांनी बाटली बंद करायला सांगितली, ही दोन औषधं एकत्र घेतली तर धोक्याची. आपला काढाही तिला मामांनी कधी दिला नाही. "हे माझे मापाचे बाहेर अहे," म्हणाले.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकायची. कारखान्यात हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन टॅग असतात. लाल म्हणजे रिजेक्ट. मामांच्या डब्यात लाल टॅग नव्हताच. मी एकदा थट्टेने म्हटलं, "मामा, आमच्या सेक्रेटरींना लाल टॅग लावू या." एरवी मामा अशा थट्टेत सामील होतात. त्या दिवशी त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "माणसाला लाल टॅग नाही," एवढंच म्हणाले आणि पाणी तापवायला आत गेले.

आणि आता पद्मा. सरोजामामी, म्हणजे मामांची बायको, आम्ही यायच्या आधीच वारल्या होत्या. त्याला चार वर्षं होत आली, आणि तेराव्यानंतर पद्मा या घरात आलेली नाही. राहते याच वेलचेरीत, स्टेशनच्या पलीकडे, पंधरा मिनिटांच्या वाटेवर. कामाला गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, माझ्या कंपनीच्या मागच्याच गल्लीत. हे कळल्यापासून मामांनी मला हरकाम्या नेमलं. दर सोमवारी सकाळी एक फ्लास्क माझ्या हाती द्यायचे, गळ्यात घटकांची चिठ्ठी आणि एक कोरा पिवळा टॅग. मी तो पद्माक्काच्या कंपनीच्या गेटवर द्यायचा. मंगळवारी तो गेटवरून परत घ्यायचा. भरलेला. टॅगसुद्धा जसाच्या तसा.

"दर सोमवारी काहाला मामा?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं. "महिन्यातून एकदा पुरे की."

"तिचे दिवस मला माहीत नाहीत," मामा म्हणाले. "म्हणून अस्के सोमवार पाठवतों. कोणता तरी एक बरोबर बसेल."

फ्लास्क परत आला की ते झाकण उघडून पातळी बघायचे. मग वहीत लिहायचे: नाकारला, कारण दिले नाही. कारण मिळत नाही म्हणून ते कारणं शोधायचे. धणे कमी करून पाहिले. सुंठ बदलली. गूळ तर दर खेपेला वाढत गेला, शेवटी शेवटी तो काढा नव्हता, पाकच होता. मी म्हणायचे, मामा, चवीचा प्रश्न नसेल हा. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक बोलत नसले की चवीपासूनच सुरू करायचे."

एका मंगळवारी मी गेटवर न थांबता पद्माक्कालाच बाहेर बोलावून घेतलं. चाळिशीची, उंच, मामांचंच कपाळ. कोपऱ्यावरच्या टपरीवर तिने दोघींना कॉफी सांगितली. मी सरळच विचारलं की काढा इतका वाईट आहे का?

"मी प्यालेंच नाही कधी," ती म्हणाली. "कषायम् वाईट म्हणून नाही परत देत."

"मग काहाला?"

तिने पर्समधून आपल्या ऑफिसच्या ओळखपत्राचं प्लास्टिकचं पाकीट काढलं. ओळखपत्राच्या मागून एक लाल कार्ड सरकवलं. जुनं, कोपरे मऊ झालेले, वर भोक. 'रिजेक्ट.' पार्टच्या नावापुढे मामांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, सरोजा. दोषाच्या रकान्यात, ओरडते.

"गोकुळाष्टमीचे दिवशी," पद्माक्का सांगू लागली. "घरभर पाहुणे. अम्माला दर महिन्याला चार-पाच दिवस असे व्हायचे. भीती वाटायची. अप्पाची बस यायला दहा मिनिटे उशीर झाला तर कारखान्याला फोन करायची, तीनदा, चारदा. ओरडायची, मग रडायची. त्या दिवशी दार लावून आत रडूलागली. अप्पा हे कारखान्यातून आणलेले कार्ड काढले, नाव लिहिले आणि दाराला अडकवले. म्हणाले, सप्लायरकडूनच माल असा आला. अस्के पाहुणे हसले."

कॉफीचा ग्लास तिने दोन्ही हातांत धरला होता.

"मीही हसलें, वैशाली. चौदा वर्षांची होतें. अम्मा दार उघडली तेव्हा हे कार्ड तिचे तोंडापुढे, आणि मी हसूलागलेली. अप्पा विसरले असतील. मी नाही विसरलें."

फ्लास्क घेऊन मी परत आले. आता हेही सांगते की त्या दिवशी माझ्या स्वतःच्या दाराला पिवळा टॅग होता, त्यामुळे जे एरवी मी गोड शब्दांत बोलले असते ते बोलले नाही. संध्याकाळी मामांच्या ओट्यावर फ्लास्क आपटला आणि म्हटलं, "मामा, लाल टॅग."

मामा बडीशेप चाळत होते. हात थांबला. चाळणी त्यांनी खाली ठेवली. मग उठले, आतून डायऱ्यांचा गठ्ठा घेऊन आले. मामा रोज डायरी लिहितात, दूध किती वाजता आलं, वीज कधी गेली, बस कधी सुटली. त्यात अधूनमधून असं होतं: स. ओरडली. स. रडली. स. चार फोन केली. प्रत्येक नोंदीखाली अलीकडे ओढलेली पेन्सिलची रेघ होती, आणि दोन रेघांमधले दिवस समासात मोजून लिहिलेले. अठ्ठावीस. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

"ती गेल्यावर वाचलों," मामा म्हणाले. "कारखान्यात एका बेअरिंगात तीनदा तेवढ्याच अंतराने आवाज आला, तर मी झोपेत ओळखायचों. घरात सव्वीस वर्षे आवाज येत होता. मीच लिहून ठेवलों. मीच वाचलों नाही."

"पाच काहाला केलेत का?"

"केलों." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "ती ओरडली, काहाला? भीती वाटली. भीती काहाला? ते दिवस होते. मला कळले नाही, काहाला? ती सांगटली नाही. सांगटली नाही, काहाला?" त्यांनी डायरी मिटली. "मी विचारलों नाही. कधीही. विचारलों नाही, काहाला? हसत बसलों."

मला रडू येत होतं, पण राग त्याहून मोठा होता. "हे पद्माक्काला सांगितलंत?"

"कषायम् पाठवतों ना."

"काढ्यातून हे कसं कळणार मामा? काढ्यात बडीशेप लागते. तिला वाटतंय तुम्ही विसरलात."

मामांनी असहायपणे हात पसरले. एवढा निर्धास्त माणूस, पण त्या क्षणी अगदी केविलवाणा दिसला. "मला असे बोलता येत नाही, वैशाली. जन्मभर फॉर्म भरलों. दुसऱ्याची चूक लिहिता येते."

"मग फॉर्म भरा," मी म्हटलं आणि वर निघून आले.

पुढच्या सोमवारी फ्लास्क तयार होता. त्याच्या गळ्यात कोरा पिवळा टॅग होताच, पण त्याच्या पुढे एक लाल टॅग होता. जुन्या फाइलचा लाल पुठ्ठा कापून केलेला, कडा अगदी सरळ, भोक बरोबर मध्ये. मी वाचू नये असा काही नियम मामांनी सांगितला नव्हता, म्हणून मी शेअर ऑटोतच वाचला. पार्टचे नाव: टी. सेतुराव. दोष: विचारले नाही, वर हसवले. किती दिवस: सव्वीस वर्षे. तपासणी: चूक माल तपासणाऱ्याची, मालाची नाही. रिजेक्ट. खाली पूर्ण सही, आणि तारीख.

पद्माक्काने तो टॅग गेटजवळ उभ्या उभ्याच वाचला. दोनदा. मग फ्लास्क घेऊन आत गेली. मला 'येतें' म्हणायचंही तिच्या लक्षात राहिलं नाही.

मंगळवारी गेटवर फ्लास्क नव्हता. बुधवारीही नव्हता. मामा दोन्ही दिवस संध्याकाळी फाटकाशी उभे होते. मी हात हलवून 'नाही' म्हटलं की ते 'परवा इल्लै', म्हणजे हरकत नाही, असं म्हणून आत जायचे. बुधवारी रात्री बिल्डिंगमधल्या कुणालाही काढा मिळाला नाही. लक्ष्मी मामींनी माझ्याकडे चौकशी केली, मामांना ताप आहे का?

गुरुवारी तो मिळाला. हातात घेतल्याबरोबर कळलं की हलका आहे. मी घरी येईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मामांच्या हातात ठेवला. मामांनी झाकण उघडलं, फ्लास्क उलटा केला. तळहातावर एक थेंब पडला, तो त्यांनी निरखून पाहिला. मग टॅगकडे वळले. लाल टॅग फ्लास्कला नव्हता. पिवळा होता, आणि या खेपेला कोरा नव्हता. मामांनी भिंग काढलं, चष्मा वर केला, आणि मग टॅग आणि भिंग दोन्ही माझ्याच हातात दिली. मी वाचून दाखवला.

"पार्टचे नाव, टी. सेतुराव. होल्ड. कारण, पुन्हा तपासणी करायची. रविवार, सकाळी नऊ. शेरा, गूळ फार जास्ती."

"होल्ड," मामा म्हणाले. खुर्चीवर बसले. "लाल काढली?"

"काढला मामा. ठेवून घेतला असेल."

"होल्ड म्हणजे रिजेक्ट नव्हे." हे मला कारखान्यातलं कुणीही सांगितलं असतं, पण मामा ते स्वतःलाच सांगत होते. डोळे पुसायलाही त्यांनी उसंत घेतली नाही, लगेच ताडाच्या गुळाचा खडा काढून व्हर्नियरमध्ये धरला. मग तो खाली ठेवला. "किती कमी करूं? ती गोड किती घेते मला माहीत नाही. तू उद्या विचारून ये."

"मी नाही विचारणार," मी म्हटलं. "रविवारी तुम्ही विचारा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. वही उघडली, रविवारच्या पानावर सावकाश एक ओळ लिहिली, आणि मला न दाखवता मिटली.

रविवारी नऊ वाजून गेल्यावर मी खाली दूध आणायला चालले होते. खरं तर दूध घरात होतं. मामांचं दार बंद होतं आणि कडीला पिवळा टॅग लटकत होता. बाहेर एक जोड लेडीज चपला होत्या. आतून भांड्याचा आवाज आला, आणि घसा खाकरून, वाचून दाखवल्यासारखा, मामांचा आवाज आला.

"पद्मा, तुला गूळ किती घालूं?"

उत्तर ऐकायला मी थांबले नाही. दुधाची रिकामी पिशवी हातात घेऊन वर आले.